ऑसोयूसचा लोखंडी मेंढा

वाळवंटात जायचं हे नक्की कोणी ठरवलं, यावर आमच्या घरात अजूनही एकमत नाही. माझा नवरा शिरीष म्हणतो, मी ठरवलं. मला मात्र स्पष्ट आठवतंय की ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यानेच मला फोनवर आमच्याच प्रांतातल्या ऑसोयूस गावाचे फोटो दाखवले. पिवळे बोडके डोंगर, निळं तळं, फळांच्या जुन्या गोदामात भरलेलं कलाप्रदर्शन. मी म्हटलं, "छान आहे." त्याने ते "जाऊया" असं ऐकलं. असो. लेबर डेचा लाँग वीकेंड होता, आमची सायली सुट्टी संपवून लंडनला, म्हणजे ऑन्टारियोतल्या लंडनला, युनिव्हर्सिटीत परत गेली होती, आणि बावीस वर्षांच्या संसारात आम्ही पहिल्यांदाच दोघंच कुठे निघत होतो.

"आर्ट गॅलरीज? यू गाइज?" सायली फोनवर म्हणाली.

"तुझ्या बाबांना आवड आहे."

"सिन्स व्हेन?"

या प्रश्नाकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

शनिवारी सकाळी सहाला सरीतल्या घरून निघालो. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: गॅस, म्हणजे पेट्रोल, होप गावातच भरून घ्या. तिथून प्रिन्सटनपर्यंत सव्वाशे-दीडशे किलोमीटर नुसती वळणं आणि झाडं आहेत, आणि बराच वेळ फोनला सिग्नल नाही. शिरीषने गाणी डाउनलोड केली नव्हती. मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, त्यामुळे निदान तोंडाला काम होतं. मॅनिंग पार्कात थांबून पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. एका खारीने माझ्या हातातली पुरी पळवली आणि झाडावर बसून ती खाताना चक्क तोंड वाकडं केलं.

करेमियोसला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फळांची दुकानं आहेत. एका दुकानातल्या पंजाबी आंटींनी आम्हाला लांबूनच हेरलं. "बेटा, कहाँ जा रहे हो?"

"ऑसोयूस. आर्ट देखने," शिरीष म्हणाला.

आंटींनी आम्हाला खालून वर न्याहाळलं. "अच्छा. टमाटर ले जाओ."

शिरीषने टोमॅटोची अख्खी पेटी घेतली. तुला चटणीला हवे असतील, म्हणाला. मला नको होते. पण त्याला इतका आनंद झाला होता की मी म्हटलं, "बरं झालं घेतलेस."

करेमियोसनंतर झाडं विरळ होतात, डोंगर उघडे पडतात आणि 'सापांपासून सावध' अशा पाट्या सुरू होतात. ऑसोयूसच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक ठिपक्याठिपक्यांचं तळं आहे. उन्हाळ्यात पाणी आटून खनिजांची गोल गोल डबकी उरतात. मला आंबोळीच आठवली आणि मी तसं मोठ्याने बोलूनही बसले. मग पाटी वाचली. इथल्या मूळ रहिवाशांसाठी ती पवित्र जागा आहे, कुंपणाबाहेरूनच बघायची. मी ओशाळून हात जोडले. शेजारी उभ्या असलेल्या एका जर्मन बाईंनीही माझं बघून जोडले.

तळ्याकाठच्या मोटेलला रात्रीचे एकशे ऐंशी डॉलर पडले. एसी होता, पण तो लावला की टीव्ही बंद पडायचा. बाहेर छत्तीस डिग्री. आम्ही टीव्हीचा नाद सोडला.

रविवारी सकाळी गोदामातलं प्रदर्शन. शिरीष आधी आत गेला. मी वॉशरूम शोधून मागून पोचले. दारात प्रत्येकाला एक नंबर देत होते, मला एकतीस मिळाला. तिथे सायलेंट ऑक्शन होतं, म्हणजे प्रत्येक वस्तूसमोर एक कागद. त्यावर नाव घालायचं नाही, फक्त आपला नंबर आणि रक्कम लिहायची. दुपारी चार वाजता शेवटचा आकडा ज्याचा, वस्तू त्याची. पैसे गोदामाच्या गळक्या छपरासाठी.

आत गेले तर शिरीष एका लोखंडी मेंढ्यासमोर उभा. मोटारींच्या भंगारातून जोडलेला, कमरेएवढा उंच, वळलेली शिंगं, डोळ्यांच्या जागी दोन नट. शिरीष हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मीही शेजारी जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यासमोरसुद्धा असा उभा राहिला नव्हता.

मी मनाशी ठरवलं, हा मेंढा त्याला द्यायचा. पुढच्या महिन्यात त्याचा पन्नासावा वाढदिवस आहे.

थोड्या वेळाने हळूच परतले तर कागदावर कोणीतरी आधीच लिहून गेलेलं: नंबर सत्तावीस, साठ डॉलर. मी सत्तर लिहिले. तासाभराने पाहिलं तर सत्तावीसने ऐंशी केलेले. मी शंभर केले. त्याने एकशे वीस केले. माझं डोकं फिरलं. मेंढ्याभोवती गवती हॅट घातलेला एक उंच म्हातारा सारखा घुटमळत होता. हाच तो मेला सत्तावीस! मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याने मला बिस्किट देऊ केलं. मी घेतलं नाही.

शिरीषला कळू नये म्हणून मी त्याला सारखं बाहेर पाठवत होते. लेमोनेड आण, गाडीत माझी टोपी आहे ती आण. नेहमी कुरकुरणारा माणूस दर वेळी उड्या मारत जायचा. शिवाय मलाही आग्रह करायचा, "तू पलीकडची मडकी बघून ये ना, निवांत बघ." मला वाटलं, वाळवंटाची हवा मानवली.

चारला दहा मिनिटं असताना सत्तावीस तीनशेवर पोचला होता. मी शिरीषला आइस्क्रीम आणायला धाडलं, तीनशे दहा लिहिले आणि तिथलं पेन माझ्या पर्समध्ये टाकलं. मला त्याची लाज वाटत नाही. चारला मिनिटभर असताना शिरीष दोन्ही हातांत वितळते कोन घेऊन धावत आला आणि मेंढ्यासमोर गोल गोल फिरायला लागला. "पेन कुठे गेलं? इथे पेन होतं!"

"तुला कशाला पेन?"

तेवढ्यात माइकवरून घोषणा झाली. मेंढा, नंबर एकतीस!

शिरीषचा चेहरा पडला. आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलेलं. "मंजिरी, सॉरी," तो म्हणाला. "मी खूप प्रयत्न केला गं. कोण तो एकतीस आहे, सकाळपासून माझ्या मागे लागलाय."

मी माझा नंबर दाखवला. त्याने कोन तोंडात धरून खिशातून आपला काढला. सत्तावीस.

"पण तुला आवडला होता ना?" मी विचारलं.

"मला? तूच दहा मिनिटं त्याच्यासमोरून हलत नव्हतीस!"

"तू हलत नव्हतास म्हणून!"

"अगं, तिथे पंख्याचा वारा येत होता."

गवती हॅटवाले आजोबा प्रदर्शनाचे राखणदार निघाले. मी त्यांच्याकडून ते बिस्किट मागून घेतलं.

मेंढा घ्यायला नकार देता आला असता. पण तेवढ्यात मेंढा बनवणारी लॉरेन पुढे आली. सत्तरीची, आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेली, हात अजून काळे. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, याआधी तिची कुठलीच वस्तू चाळीस डॉलरच्या वर गेली नव्हती, आणि आज दोन माणसं दिवसभर तिच्या एका वस्तूसाठी भांडली. तिचे डोळे भरून आले होते. शिरीष तिला म्हणाला, "वी बोथ लव्ह इट." आम्ही मान डोलावत राहिलो.

सोमवारी मेंढा मागच्या सीटवर, पट्टा लावून, एक शिंग खिडकीबाहेर. टोमॅटो माझ्या मांडीवर. प्रिन्सटन मागे पडलं, सिग्नल गेला, आणि शिरीष म्हणाला, "अजून काय काय आहे, जे तुला आवडत नाही आणि मला वाटतं आवडतं?"

मग जे सुरू झालं! त्याला माझी मेथीची आमटी आवडत नाही. मला त्याने पाच वर्षं लागोपाठ दिलेलं अत्तर आवडत नाही. आम्हा दोघांनाही कॅम्पिंग आवडत नाही आणि आमच्या बेसमेंटमध्ये तीन तंबू आहेत. हसून हसून त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

गाडी थांबल्यावर तो म्हणाला, "सायली गेल्यापासून मी रोज संध्याकाळी गराजमध्ये जाऊन बसतो ना, तिथे काही काम नसतं. तुझ्याशी काय बोलायचं ते सुचत नाही."

मला वाटायचं, त्याला एकटं राहायचं असतं. म्हणून मी हाक मारत नव्हते. तसं त्याला सांगितलं. मागून एक ट्रक गेला, गाडी हलली, मेंढ्याचं शिंग काचेवर वाजलं. मग आम्ही निघालो.

खर्चाचं विचाराल तर मेंढा सोडून दोघांचे साडेसहाशे डॉलर झाले. मेंढा मागच्या अंगणात आहे, चिमण्या बसतात त्याच्यावर. ऑसोयूसला नक्की जा, पण आधी एकमेकांना विचारा.

मंगळवारी संध्याकाळी शिरीष सवयीने गराजमध्ये गेला. मीही खुर्ची घेऊन गेले. डास चावत होते, जुन्या टायरांचा वास येत होता. अर्धा तास बसलो. मग तो म्हणाला, "आत जाऊया का? मला इथे अजिबात आवडत नाही."

मलाही आवडत नव्हतं. आत गेलो.