राख आलीच नाही

मांगीलाल छाजेडांना राग यायला एरवी कारण लागत नसे. या खेपेला मात्र कारण होतं, आणि तेही शून्य पूर्णांक शून्य एवढं.

चोपड्याहून शिरपूरकडे निघालं की सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागांत बुडालेलं एक गाव लागतं. तिथे मांगीशेठचं किराणा दुकान. आजोबा राजस्थानातून आले, वडिलांनी दुकान वाढवलं, आणि मांगीशेठनी काय केलं असं विचारलं तर सज्जनबाई म्हणत, यांनी गच्चीवर नळकांडी मांडली. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. गच्चीवर पुण्याहून आणलेला पर्जन्यमापक होता, पत्र्याचा वातकुक्कुट होता, आणि झडपांच्या पेटीत दोन तापमापक होते. रोज सकाळी साडेआठला गिऱ्हाईक तसंच ताटकळत ठेवून शेठ वर जात आणि वहीत आकडे लिहीत. एकतीस वर्षं झाली. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मुंडावळ्या बघायच्या आधी त्यांनी आर्द्रता बघितली होती.

दुसरं वेड ज्वालामुखींचं. मोबाइल आल्यापासून ते बळावलं. धुळ्याचे एक निवृत्त मास्तर, अमळनेरचा एक फोटोग्राफर आणि असेच आणखी पाच-सहा जण, असा त्यांचा गट होता. आइसलँडमध्ये जमिनीला भेग पडली की इकडे गटात उत्साहाला भरती यायची. जिथे अख्खा डोंगरच थिजलेल्या लाव्ह्याचा आहे तिथल्या माणसांनी ज्वालामुखी बघायचे नाहीत तर कुणी, असा मांगीशेठचा सवाल असे. गाव हसायचं. शेठ चिडायचे आणि चिडूनच साखर तोलायचे.

जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वादळ आलं. दोन तास पाऊस नुसता कोसळला. सकाळी शेठच्या मापात सत्याऐंशी मिलिमीटर भरलं. छगन पाटलाची घडांनी लगडलेली बाग अख्खी आडवी झाली होती. अशी गावातल्या निम्म्या बागांची गत होती. पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की तहसील कचेरी अतिवृष्टी मानते आणि नुकसानीचे पंचनामे करते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. लोक पंचनाम्याची वाट बघत बसले. चार दिवसांनी यादी लागली. यादीत गाव नव्हतं. ग्रामपंचायतीमागे कुंपणात जे सरकारी हवामान यंत्र उभं होतं, त्याच्या लेखी त्या संध्याकाळी पाऊस पडलाच नव्हता.

शेठच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सज्जनबाईंनी गाठ मारून दिलेल्या पिशवीत सात वह्या घेऊन ते कचेरीत गेले. हितेंद्र नावाचा तरुण कारकून होता. तो अदबीने बोलला, पाणी दिलं, आणि मग विचारलं, "काका, तुमचं यंत्र प्रमाणित आहे का?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न शेठना कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, निदान तुमच्या यंत्राचे आकडे तरी दाखवा. हितेंद्रने कागद काढून दिले. शेठ वाचत गेले आणि त्यांचे कान लाल होत गेले. मेमध्ये दोनदा वळीव झाला होता, तिथे शून्य. मार्चमध्ये गारा पडल्या होत्या, तिथेही शून्य. नोव्हेंबरपासून सगळीकडे शून्यच.

"मार्चच्या गारांचे फोटो तुमच्याच कचेरीने काढून नेले," शेठ म्हणाले. "तो पंचनामा याच टेबलावर झाला असेल. गारा कोरड्या पडल्या होत्या का?"

प्रत्येक पानाखाली कुणाची तरी सही होती. म्हणजे पानं उलटली गेली होती, सह्या झाल्या होत्या, फक्त वाचलं कुणी नव्हतं. असल्या सह्यांवर गावं जगतात आणि मरतात, याचा संताप येणार नाही तर कशाचा येणार? शेठनी आवाज एवढा चढवला की दारातला शिपाई आत आला. शेवटी उद्या येऊन यंत्र बघतो, असं हितेंद्रने कबूल केलं आणि वह्यांची पिशवी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी कुंपणाची किल्ली घेऊन धुरपदाबाई आल्या. बागांमध्ये केळीच्या घडांना पिशव्या घालायचं काम त्या वीस वर्षं करत होत्या. यंत्राभोवती झाडलोट करण्यासाठी, सरकारने यंत्राची देखभाल सोपवलेल्या कंपनीच्या माणसाने किल्ली त्यांच्याच हाती दिली होती. शेठ आत शिरले ते कंपनीचा उद्धार करतच. मग थांबले. पाऊस मोजायच्या डब्यावर घडाला घालतात ती प्लॅस्टिकची पिशवी होती. खालून सुतळीने बांधलेली, व्यवस्थित, एक थेंब आत जाणार नाही अशी.

हितेंद्रचा चेहरा उजळला. त्याने मोबाइल काढून चारी बाजूंनी फोटो घेतले. मग पलीकडे कट्ट्यावर जाऊन तो अहवाल लिहायला बसला.

शेठ धुरपदाबाईंवर धावूनच जाणार होते. तेवढ्यात बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शेठ, राख ऊनी का?"

"कसली राख आली?"

"तुम्हीच सांगेल व्हतं ना. मोठी राख येई, डबाले झाकी ठेव. मी बांधी दिधी. एक फाटनी तवय दुसरी बांधी. काढानं कोन्ही सांगंच नही."

मग शेठना आठवलं. नोव्हेंबरात इथिओपियातला, हजारो वर्षं गप्प बसलेला एक डोंगर फुटला होता. त्याची राख समुद्र ओलांडून गुजरातवरून दिल्लीकडे निघाली होती. विमानं रद्द होत होती. आयुष्यात पहिल्यांदाच ज्वालामुखी मांगीशेठच्या दारी येत होता. दोन दिवस त्यांनी जेवणसुद्धा उभ्याने केलं. दिसेल त्याला ते सांगत सुटले की पाणी झाका, चारा झाका. कुंपणापाशी धुरपदाबाई दिसल्या, त्यांनाही सांगितलं की डब्यात राख पडली तर नळी बुजेल. राख आभाळात फार उंचावरून निघून गेली, खाली काही आलंच नाही. शेठ हिरमुसले, दुकानात बसले आणि विसरले. बाई विसरल्या नाहीत. सात महिने त्यांनी त्या यंत्राला घडासारखं जपलं होतं.

ऐकलं होतं ते फक्त शेठनी. त्यांनी मान वळवली तर हितेंद्र वाचून दाखवत होता, "स्थानिक मजूर महिलेच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे..."

गप्प बसणं सोपं होतं. पिशवी सापडली म्हणजे शून्य खोटं ठरणारच होतं, आणि शेठच्या वह्यांना निदान विचारलं तरी गेलं असतं. ज्वालामुखीच्या राखेसाठी यंत्र झाकायला लावणाऱ्या माणसाच्या वहीवर मग विश्वास कोण ठेवणार? हे सगळं शेठना कळलं. तरी त्यांचा जुना राग वर आला, आणि पहिल्यांदाच तो योग्य घरी गेला.

"खोडा ते," ते म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. झाकायला मी सांगितलं. माझं नाव लिहा, मांगीलाल छाजेड, आणि खाली हेही लिहा की सात महिने तुमच्यापैकी एकानेही इकडे बघितलं नाही."

हितेंद्रने पहिलं वाक्य लिहिलं. दुसरं लिहिलं नाही.

पंधरा दिवसांनी निकाल आला. शून्य रद्द झालं आणि शेजारच्या गावच्या यंत्राचा आकडा धरला गेला. तो एकसष्ट होता. पासष्टला चार कमी. पंचनामा नाही. अप्रमाणित म्हणून सात वह्या टपालाने परत आल्या, न उघडता. सज्जनबाईंनी मारलेली गाठ जशीच्या तशी होती.

त्या दिवशी छगन दुकानात आला. उरलेल्या झाडांना बांधायला त्याला सुतळी हवी होती. शेठनी दोन बंडलं काढून दिली. काहीतरी बोलावं म्हणून ते सह्यांबद्दल, कचेरीबद्दल, कंपनीबद्दल बोलत राहिले, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. छगनने सगळं ऐकून घेतलं.

"शेठ," तो म्हणाला, "तुम्हले दुसरा देशनी राख दिसनी. आपला गावना डबा दिसना नही."

सुतळी खांद्यावर टाकून तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मांगीशेठ थेट गच्चीवर गेले नाहीत. आधी ते ग्रामपंचायतीमागे गेले, कुंपणाच्या जाळीला नाक लावून डबा उघडा आहे ना ते बघितलं, आणि मग घरी येऊन वही उघडली.