जेरोमने सामान हलवलं

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. सभागृहातले दिवे मंदावताहेत, पडदा सरकतोय. रंगमंचावर भाईंदरजवळच्या उत्तन गावातल्या एका बैठ्या घराची पुढची खोली. डावीकडे खिडकी. तिच्यातून बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या मांडण्या दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे समुद्राची करडी पट्टी. उजव्या भिंतीवर क्रूस, त्याच्याखाली विजेवर जळणारा छोटा लाल दिवा. मधोमध टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर घरच्या बाईने, आयडाने, विणलेली क्रोशाची झालर. आणि झालरीखालच्या स्क्रीनला जवळजवळ नाक लावून बसलेला एक बारकेला म्हातारा, एका कानात ऐकायचं यंत्र. हा जेरोम. टाळ्या नाही वाजवल्यात तरी चालेल. त्याला त्या कधी कुणी वाजवल्या नाहीत.

जेरोम विंगेतला माणूस. दिवसा भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर, आणि प्रयोग असला की संध्याकाळी आमच्याकडच्या एका नाटक कंपनीत पार्श्वसंगीताला. पॉलिशच्या चाकाने त्याचे कान हळूहळू खाल्ले आणि उरलेले कान त्याने नाटकाला दिले. तव्यावर वाटाणे फिरवून पाऊस पाडणारा, पत्रा हलवून वीज कडाडवणारा, आणि पुढे कंपनीच्या मालकाने स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन दिल्यावर सगळं उत्तन त्यात भरून ठेवणारा माणूस. होड्यांची इंजिनं, देवळाची घंटा, मासळीच्या लिलावाचा कालवा. नटाने खिडकीकडे बघितलं की खिडकीबाहेर समुद्र हजर असायचा, आणि लोकांना वाटायचं की तो आपोआपच आला.

त्या कंपनीचं एक नाटक फार चाललं. त्यात दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाप घर सोडून निघतो. कडीला हात घालतो, आणि आतून तान्ह्या मुलाचं रडणं येतं. बाप थांबतो, हात खाली येतो. त्या रडण्यावर थिएटरात बायका पदर डोळ्याला लावायच्या.

ते रडणं कॅरेनचं होतं. जेरोम आणि आयडाची पहिली मुलगी. काही आठवड्यांची असताना आयडा तिला ओसरीवर न्हाऊ घालत होती, आणि जेरोमने टेपरेकॉर्डर पाटाशेजारी ठेवला. पाणी कोमट होतं, तरी पोर चिडली आणि असं रडली की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली. जेरोम आनंदाने उड्या मारत होता. पुढे पावसाळ्यात कॅरेनला ताप आला, तो छातीत उतरला, आणि पोर गेली. नाटकाचे प्रयोग लागलेलेच होते. दुसऱ्या कुणाच्या मुलाचं रडणं आणतो, असं जेरोम बायकोला म्हणाला. आयडा चुलीपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

"राहू दे तिला," ती म्हणाली. "घरात न्हाय, निदान नाटकात तरी हाय."

मग कॅरेन नाटकात राहिली. गावोगाव गेली, भर थिएटरात रडली, बापाला दारातून परत आणत राहिली. कंपनी बंद पडली तेव्हा जेरोमने स्पूल घरी आणले. समुद्राच्या हवेने त्यांना बुरशी धरायला लागली, म्हणून त्याचा धाकटा मुलगा कॉलिन परदेशी जाण्याआधी खपून बसला आणि त्याने सगळे आवाज कॉम्प्युटरमध्ये चढवून दिले. आवाज सांभाळणारा एक जुना प्रोग्राम होता. तो सगळे आवाज स्वतःच्याच फोल्डरमध्ये, एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवायचा. सडलेले स्पूल मग आयडाने परसात जाळले.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, दोघं कब्रस्तानात जायची. कॅरेनच्या छोट्या क्रूसाशी झेंडू वाहायचे, मेणबत्ती लावायची, फादर पाणी शिंपडून पुढे गेले की घरी यायचं. पाय धुऊन आयडा खुर्चीवर बसायची आणि जेरोम कॉम्प्युटरवर कॅरेनला लावायचा. एकदाच. मग आयडा उठून जेवण वाढायची.

गेल्या वर्षी कॅरेन मध्येच अडकली. रडता रडता एकाच सुरावर थबकली, आणि स्क्रीनवर चक्र फिरत बसलं. आयडा तशीच उठून आत गेली. जेरोमला ते वर्षभर डाचत राहिलं. चाळीस वर्षांत त्याचा एक संकेत, ठरल्या क्षणी द्यायचा एक आवाज, चुकला नव्हता.

ऑक्टोबरात त्याने कॉलिनला फोनवर विचारलं. कॉलिनने तिकडूनच त्याचा कॉम्प्युटर उघडून पाहिला आणि दुखणं सांगितलं. सी ड्राइव्ह भरली आहे. ती लहान आहे, वेगवान नव्या जातीची आहे, पण गच्च झाली आहे. शेजारची डी मोठी आहे आणि मोकळी पडली आहे. कॉम्प्युटरला सवय आहे की नवा प्रोग्राम आला की तो सीवरच ठेवायचा. ती सवय बदलून डीचा पत्ता देता येतो. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा करून देतो म्हणाला.

"पण डॅडी, जुन्याला हात लावू नको. जे जिथं हाय ते तिथंच राहू दे. फक्त नवीन येईल ते डीवर."

जेरोमने हो म्हटलं. पण मनात त्याला ते पटलं नाही. अर्धं सामान एका थिएटरात आणि अर्धं दुसऱ्यात, असा मुक्काम त्याने जन्मात हलवला नव्हता. कंपनीत कायदा होता. सामान हलतं तेव्हा सगळं हलतं. पडदे, पेट्या, दिव्यांच्या वायरी, एकूण एक टेम्पोत चढलं की शेवटचा माणूस रिकामं स्टेज झाडतो, फळीला हात लावून कपाळाला लावतो आणि बाहेर पडतो. मागे एक खिळा राहिला तरी पुढच्या गावी प्रयोग अडखळतो, असं मालक म्हणायचा, आणि सगळे मानायचे. तो शेवटचा माणूस कायम जेरोमच असायचा. झाडू त्याचा होता.

रविवारची वाट त्याने पाहिली नाही. हिंदीतला एक व्हिडिओ लावून त्याने पत्ता बदलला. ते जमलं, आणि त्याची छाती फुगली. मग जुन्या बिऱ्हाडाकडे वळला. प्रोग्रामांची फोल्डरं एकेक करून डीवर उतरवू लागला. काम करताना सोबत हवी म्हणून त्याने आपला तो जुना प्रोग्राम उघडून समुद्र लावून ठेवला होता. बारीक आवाजात लाटा येत होत्या. मध्येच कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं, एक फाइल वापरात आहे, सोडून पुढे जाऊ का. जेरोमला वाटलं, टेम्पोत चढताना एखादी पेटी अडते, ती मागाहून येते. जा पुढे, असं त्याने दाबलं. सगळं डीवर दिसायला लागलं. नावं तीच, रांग तीच. मग त्याने समुद्र बंद केला आणि झाडू काढला. मागे उरलेलं सगळं निवडलं आणि कायमचं पुसलं. रीतीप्रमाणे टेबलाच्या कडेला हात लावून कपाळालाही लावला.

दुपारी त्याने आयडाला हाक मारली, नवा मुक्काम दाखवायला. समुद्रावर दाबलं. काही वाजलं नाही. होडीवर, घंटेवर, लिलावावर दाबलं. आयडा दारात उभी होती, हातात पीठ.

"काय दाखवतोस?"

"अजून मांडामांड चाललीय," जेरोम म्हणाला. "मग बोलावतो."

भाईंदर पूर्वेला परागचं दुकान आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मुलगा सरळ, जिभेने थोडा फटकळ. जेरोमने कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घालून बसने तिथं नेला. परागने तो उघडून बघितला, आणि मग विचारलं, कॉपी करताना याने काही विचारलं होतं का. जेरोमने सांगितलं, विचारलं होतं, काही अडलंय म्हणाला, मी म्हटलं जा पुढे.

"आणि तेव्हा तो आवाजाचा प्रोग्राम चालू होता?"

"समुद्र लावला होता."

परागने खुर्ची मागे घेतली. "अंकल, तुम्ही तरी ना. ज्या फाइलवर बसून गाणं चाललंय ती कशी उचलणार तो? तीच एक राहिली मागे. आणि मग तुम्ही मागचं सगळं साफ केलंत."

जेरोमने विचारलं, पुसलेलं परत काढतात ना. परागने खरोखर मनापासून प्रयत्न केले, दोन दिवस मशीन ठेवून घेतलं. जुन्या डिस्कमधून निघालं असतं, तो म्हणाला, या नव्या जातीच्या डिस्क पुसलेली जागा आपणहून कोरी करून टाकतात. त्याने सगळं नव्याने बसवून दिलं. कॉम्प्युटर आता झटक्यात चालू व्हायचा, सी मोकळी, डी मोकळी, कुठे काही अडत नव्हतं. परागने हे दाखवलं आणि मग जेरोमच्या चेहऱ्याकडे बघून स्क्रीन बंद केला.

एक जागा उरली होती. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातला गोपीनाथ. नाटकात घर सोडून निघणारा बाप तोच करायचा. त्याच्याकडे एका प्रयोगाची कॅसेट होती, कुणीतरी पहिल्या रांगेतून घेतलेली. गोपीनाथ आता गुडघ्यांनी जायबंदी, पण आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

"जेऱ्या, अजून हायेस तू?" त्याने खाटेवरूनच स्वागत केलं. "मला वाटलं, पत्रा हलवत वर गेलास."

सुनेने चहा दिला, माळ्यावरून टेप आणि कॅसेट उतरवून दिली. दोघं म्हातारे दुसऱ्या अंकाशी येऊन थांबले. जेरोमने कानातलं यंत्र काढून पुसलं, परत घातलं, आणि टेपच्या जाळीला कान टेकला. गोपीनाथची पावलं आली. कडीचा आवाज आला, तोही जेरोमनेच केलेला. आणि मग कॅरेनने श्वास घेतला. पहिलं अर्धं 'आं' उमटलं, आणि त्यावर गोपीनाथचा आवाज कोसळला, नाही, नाही, मी जाणार नाही, आणि थिएटर टाळ्यांनी भरून गेलं. टाळ्या सरल्या तेव्हा पडदा पडलेला होता.

जेरोमने मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"मी तुला वर्षानुवर्षं सांगत होतो," तो हळू म्हणाला. "रडणं पुरं होऊ दे, मग वाक्य टाक."

गोपीनाथ हसला. "टाळी जाते ना रे. पोराच्या रडण्यावर कोण टाळी देतो? टाळी बापाला." मग त्याने विचारलं, एवढं काय हाय त्या रडण्यात. आणि इतक्या वर्षांनी जेरोमने त्याला सांगितलं, ते पोर कुणाचं होतं, आणि आता ते कुठेच नाही.

गोपीनाथने टेप बंद करायला हात पुढे केला, पण बटण त्याला सापडेना. मग म्हणाला, मला एकदा सांगायचं तरी होतंस, मी थांबलो असतो रे. सगळे प्रयोग थांबलो असतो. जेरोमने कॅसेट नेली नाही. तीत गोपीनाथच होता, ती त्याच्याकडेच बरी.

मग दोन तारीख आली. मधल्या दिवसांत जेरोम आयडाला सांगायला चारदा तरी तिच्याजवळ गेला असेल. एकदा ती बोंबील परतत होती, एकदा फोनवर कॉलिनशी हसत होती. प्रत्येक वेळी तो पाणी पिऊन परत आला. कॉलिनला त्याने सांगितलं होतं, आणि मम्मीला कळू देऊ नको असंही. कॉलिनकडेही त्या आवाजांची प्रत नव्हती.

कब्रस्तानात सगळं उत्तन जमलं होतं. क्रूसाक्रूसाशी मेणबत्त्या, वाऱ्याने विझणाऱ्या, पुन्हा लावल्या जाणाऱ्या. कॅरेनच्या क्रूसाशी आयडाने झेंडूची माळ घातली आणि मातीवरून हात फिरवला, अंथरूण सारखं करतात तसा. फादर आले, पाणी शिंपडून पुढे गेले. दोघं घरी आली. पाय धुतले. आयडा खुर्चीवर बसली, पदर मांडीवर सारखा केला.

"लाव आता तिला."

जेरोम टेबलाशी बसला. कॉम्प्युटर झटक्यात चालू झाला, एकदाही अडखळला नाही. स्वच्छ निळा स्क्रीन, त्यावर एकही ओळखीची खूण नाही. त्याने माउसवर हात ठेवला, आणि तो तसाच राहिला. बाहेर खराखुरा समुद्र वाजत होता, पण तो त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हता. त्याच्या पाठीमागे आयडा वाट बघत होती. तिने घाई केली नाही. इतकी वर्षं ती त्याच्या संकेताची वाट बघत आली होती, आणि गेल्या वर्षीची अडखळ सोडली तर तो कधी चुकला नव्हता.

"जेरोम," ती शेवटी म्हणाली, "रडत न्हाय ती?"

त्याने खुर्ची फिरवली नाही. हात पुढे करून स्क्रीन बंद केला, वरची झालर नीट ओढून त्यावर घेतली, आणि अगदी हळू, मधल्या खोलीत कुणी पाळण्यात असावं अशा आवाजात बोलला.

"आज निजलीय ती, आयडा. निजू दे."