रुपराव मिस्त्री आणि कानातली मशीन

लकडगंजातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात रुपराव मिस्त्री पॉलिश करतात. लाकूड गुळगुळीत झालं की नाही, हे ते डोळ्यांनी कधीच ठरवत नाहीत. डोळे मिटायचे, तळहात फिरवायचा आणि हात ‘झालं’ म्हणेल तेव्हाच घासणं थांबवायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता.

आरा मशीनशेजारी आयुष्य काढल्यावर कान जायचेच. गेल्या महिन्यात मुलीने, मिनलने, हट्टाने कानात मशीन बसवून दिली. पाखरंसुद्धा ऐकू यायला लागली. आणि त्याच आठवड्यात त्यांनी एका टेबलावरचा सागाचा पातळ पापुद्रा घासून घासून पार फाडला. खालचं प्लायवूड उघडं पडलं. मालक गोपाळराव म्हणाले, "आता अजून एक बिघडवलं, तं घरीच बसा मिस्त्री."

आज तसंच दुसरं टेबल समोर होतं. रुपरावांनी डोळे मिटून हात फिरवला. खरखरीत. पॉलिश पेपर घेऊन घासलं, पुन्हा हात फिरवला. खरखरीतच. डोळे उघडले तर लाकूड अगदी साफ दिसत होतं, पण डोळ्यांचं ऐकतील ते रुपराव कसले!

"काहून घासून राहिले जी? फाटन ना!" शेजारी घासकाम करणारी लतिकाबाई ओरडली.

"तू तुह्यं काम पाय वं."

कपाळावर घाम आला होता. पुन्हा पेपर उचलला, तेवढ्यात आरा सुरू झाला. कानात ती किंचाळी सहन होईना, म्हणून त्यांनी मशीन काढून खिशात टाकली. सवयीने हात लाकडावर गेला. एकदम लोणी!

आरा थांबल्यावर मशीन कानात घातली, हात फिरवला. तळव्याखालची खसखस ऐकू आली आणि लाकूड पुन्हा खरखरीत लागलं. काढली, गुळगुळीत. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. म्हणजे हात एकटा कधी बोलतच नव्हता, कान त्याला शिकवत होता.

आधी हायसं वाटलं, मग शंका आली. ऐकू येत नव्हतं त्या वर्षांत हाताने ज्याला ‘झालं’ म्हटलं, ते तरी झालं होतं का? आता कोणता हात खरा मानायचा? गोपाळराव तर केबिनमधून निघालेच होते.

रुपरावांनी पेपर खाली ठेवला. ती कारखान्यात आल्यापासूनच्या बारा वर्षांत त्यांनी लतिकाबाईला आपल्या कामाला बोट लावू दिलं नव्हतं. लाजेने कानशिलं तापली. तरी मशीन कानात घालून ते म्हणाले, "लतिका, इकडं ये वं. तू हात फिरवून सांग मले."

ती हातातलं काम टाकून आली. मग पदराला हात पुसून तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला.

"मघाशीच झालं होतं जी."

गोपाळराव आले. टेबलावर हात फिरवून खूश झाले. "बढिया! तुमच्या हाताले तोड नाही, मिस्त्री."

"माह्या नाही, मालक," रुपराव म्हणाले. "पास लतिकानं केलं. मले माह्या हाताचा भरोसा नाही राहिला."