भागीरथाबाईचा डावा पाय

आरमोरीच्या पुढच्या त्या गावात भागीरथाबाईची ओळख म्हणजे तिचा डावा पाय. बाई जन्मली ती पायाकडून. अशा पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एरवी तिला विचारतो कोण? धानाच्या रोवण्याला बोलावतात, रोजी देतात, विसरून जातात. पण धानाचा भारा उचलताना पाठीत चमक भरली, की चांगला मिशीवाला माणूसही सकाळी तिच्या ओसरीत येऊन पालथा पडे. सरपंचाच्या पाठीवरही आपण पाय ठेवलाय, हे ती चार दिवसांआड कोणाला तरी ऐकवायचीच. गर्व म्हणा हवं तर. गरिबाच्या घरीही तो कधीतरी पाहुणा येतो.

कापणीच्या दिवसांत शेजारचे भैयाजी तापाने पडले. डॉक्टरांनी व्हायरल न्यूमोनिया सांगितला. ताप उतरल्यावर ते दवाखान्यातून घरी आले, खोकला मात्र राहिला. एका पहाटे खोकता खोकता उजव्या बरगडीत सुरी खुपसल्यासारखी कळ निघाली आणि श्वास पुरेना. घरच्यांनी ठरवून टाकलं, उसण भरली. धरून धरून त्यांना बाईच्या ओसरीत आणलं. पालथं झोपवेना, म्हणून बसवलं.

भागीरथाबाईने तळवा पाठीला टेकवला आणि ती चपापली. पाठ डावीकडे वरखाली होत होती, उजवीकडे जवळजवळ हलतच नव्हती. उसणीची पाठ अशी नसते. जन्मभर पाठीच तुडवल्या होत्या, एवढं तिला कळत होतं. 'हे माझं काम नाही, दवाखान्यात न्या,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ओसरीपुढे माणसं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्या पायावर होते.

"उसणच हाय," ती म्हणाली. "उद्या सकाळी अजून एकदा आणा."

दुसऱ्या दिवशी भैयाजींचे ओठ निळे पडले. मुलगा निकेश गाडी करून त्यांना गडचिरोलीला घेऊन धावला. न्यूमोनियाने पोखरलेल्या फुप्फुसाला भोक पडलं होतं. हवा छातीत साचली होती आणि फुप्फुस मिटून गेलं होतं. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घालून हवा काढली, तेव्हा जीव वाचला. अजून उशीर झाला असता तर बाबा गेलेच होते, असं निकेश परत आल्यावर सांगत होता. भागीरथाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बरे झाल्यावर भैयाजी नारळ घेऊन आले. सोबत सून होती, दिव्यानी. भैयाजींनी वाकून बाईच्या डाव्या पायावर डोकंच ठेवलं.

"बाई, तुझ्या पायानंच माझा जीव अडकून राह्यला. नाई तं मी पयल्याच दिवशी गेलो असतो."

पाय मागे घ्यायला हवा होता. तिने घेतला नाही. नारळही घेतला. चोराने आपलीच पूजा करून घ्यावी, तसला प्रकार.

"आता हिले पाय लाव," भैयाजी म्हणाले. "ताप येऊन गेला, खोकलून राह्यली. सकाळपासून छातीत चमक भरली म्हणते."

दिव्यानी पाठ करून बसली. तिची धाप बाईला ऐकू येत होती. बाईने पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"भाऊ, हिले दवाखान्यात ने. आत्ताच ने." मग मान खाली घालून ती म्हणाली, "तुझी बी उसण नव्हती. मले तवाच समजलं होतं."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"लोकं पाहून राह्यले होते. माझं नाव गेलं असतं."

भैयाजी ओरडले नाहीत. नळी घातली होती तिथे, बरगडीवर, त्यांचा हात गेला.

"अन् मी आत्ता तुझ्या पायावर डोकं ठेवलं, बाई," ते म्हणाले आणि सुनेला धरून बाहेर पडले.

नारळ ओसरीतच राहिला. तो फोडायचा तिला धीर झाला नाही, परत न्यायचाही नाही. तिने लुगडं ओढून डावा पाय झाकून घेतला. पाहायला तिथे कोणीच नव्हतं.