कोरड्या नळाची पट्टी

पाणी येण्याआधी नळ नुसताच फुरफुरतो, गंजाचा वास सोडतो, आणि मला राळेगावकडचं आमचं अंगण आठवतं. तिथल्या नळाला तोटी होती, पाणी नव्हतं. मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, त्या तोटीवर कापूस वेचताना कमरेला बांधायची ओटी वाळत घालायची. पाणी येईपर्यंत पाणीपट्टी भरायची नाही, हा तिचा हट्ट. मग एका वर्षी बायकांसाठी राखीव जागेवर तिनं ग्रामपंचायतीला उभं राहायचं ठरवलं. ग्रामसेवक म्हणाले, "बाई, थकबाकी असली तं अर्ज बाद होते." ती उसळली, "कोरड्या नळाची पट्टी कायले भरू मी?" तणतणत घरी आली आणि नळासमोर उकिडवी बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, तशीच परत गेली आणि सगळी बाकी भरली. पावती घेताना ग्रामसेवकांना एवढंच म्हणाली, "आता आतमंदी येऊन विचारतो तुमाले." ती निवडून आली. पुढं पाणीही आलं, पण गावाच्या दुसऱ्या टोकापासून, आणि आमच्या अंगणात सगळ्यात शेवटी. काका चिडले तेव्हा ती म्हणाली, "आपल्याच नळासाठी उभी राह्यली, असं म्हनतीन ना लोक." आता इथं शहरात शेजारच्या इमारतीत आधी पाणी आलं, की मी तावातावानं सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावते. तेवढ्यात नळ फुरफुरतो, तो वास येतो, सगळ्यात शेवटी पाणी आलेलं ते अंगण आठवतं, आणि मी फोन ठेवून देते.