पुढचेकाकांची मुलाखत

पुढचेकाकांचं खरं नाव कारखान्यात फारसं कुणाला आठवत नसे. भरती विभागात ते कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन थांबले. मुलाखतींच्या दिवशी उमेदवारांना बसवायचं, प्रमाणपत्रं तपासायची आणि आतली बेल वाजली की दारात उभं राहून "पुढचे" म्हणायचं, हे त्यांचं काम. ते इतकी वर्षं केलं की तेच नाव चिकटलं. मग कारखाना बंद पडला, आणि पंचावन्नाव्या वर्षी काका स्वतः लोकांच्या दारांबाहेर जाऊन बसू लागले.

ही कितवी मुलाखत, ते मोजणं त्यांनी सोडून दिलं होतं. "कळवू" हा शब्द मात्र जिकडेतिकडे भेटायचा. पूर्वी ते स्वतःच तो उमेदवारांना सांगत. तेव्हा तो किती हलका वाटायचा.

हात टेकून घरी बसावं, असं रोज वाटे. बसता येत नव्हतं ते बायकोमुळे. ती इस्पितळात परिचारिका. कारखान्याला कुलूप लागल्यावर तिने रात्रपाळी मागून घेतली होती. सकाळी परत येताना ती जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायची, आणि काही विचारलं तर म्हणायची, "गुडघे माझे आहेत, तुम्ही कशाला तोंड वाकडं करता?" काकांना नोकरी लागली की रात्रपाळी सोडायची, एवढं दोघांत ठरलं होतं.

त्या सकाळीही ती नुकतीच येऊन पायांना तेल लावत बसली होती. सासरी असलेली मुलगी फोनवर बापाला पढवत होती. "बाबा, छाप पहिल्या दोन मिनिटांतच पडते. ताठ बसा. नजर चुकवू नका. आणि 'स्वतःबद्दल सांगा' म्हणाले की कारखान्याची कर्मकहाणी लावू नका."

"दोन मिनिटांत छाप माझ्यावरही पाडली होती यांनी," बायको तिथूनच म्हणाली. "उतरायला वर्षं गेली."

मुलाखत लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होती. टेबलावर बसून तक्रारी ऐकायच्या आणि कारागीर पाठवायचे, असं काम. ऑफिस पाचव्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. काका थांबतथांबत वर पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. टेबलामागची मुलगी फोनवर कुणाला तरी झापत होती. तिने हातानेच खुर्ची दाखवली आणि तशीच बोलतबोलत, लिफ्टचं काय झालं ते बघायला, खाली निघून गेली.

काका पहिल्या खुर्चीवर बसले. इतक्यात एक तरुण मुलगी धापा टाकत आली. "इथंच ना हो मुलाखत?"

टेबलामागे कुणी नव्हतं. काकांच्या तोंडून आपसूक निघालं, "इथंच. आधी बसा. दम खा जरा." उठून त्यांनी तिला पाण्याचा पेला भरून दिला. मग गळ्याला टाय आवळलेला एक तरुण आला, त्याच्या मागून आणखी एक जण. काकांनी त्यांनाही ओळीने बसवलं आणि मूळ प्रमाणपत्रं वरच काढून ठेवायला सांगितलं.

आत बेल वाजली. काय करतोय ते कळायच्या आत काका दाराशी उभे होते. "पुढचे," ते म्हणाले.

"मी?" मुलीने विचारलं.

"तुम्हीच. घाबरू नका, माणसंच बसलीत आत."

दार लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पहिला नंबर त्यांचा होता. पण ज्याने हाका मारायच्या त्याचं नाव यादीत कधी नसायचंच. असू दे, हिच्यानंतर जाऊ, असं त्यांनी ठरवलं. पुन्हा बेल झाली तेव्हा टायवाला इतक्या केविलवाण्या चेहऱ्याने बघत होता की त्यालाच आत सोडलं. आणि खरं म्हणजे, त्या दाराशी उभं असताना काकांची पाठ दुखत नव्हती. वर्षभरात पहिल्यांदाच. तिसऱ्यालाही त्यांनी जाऊ दिलं.

तो बाहेर पडल्यावर साहेबांनीच दार उघडलं. "काका, झाले का सगळे? यादीत एक जण उरलाय, आलाच नाही वाटतं."

"आलाय."

"मग पाठवा की."

दार लागलं. काकांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, पहिल्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली, बाह्या खाली ओढल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने "पुढचे" म्हणाले. मग टकटक करून आत गेले.

साहेब त्यांच्या पाठीमागे बघत राहिले. "कुठंय?"

"मीच तो. बसू का?"

साहेबांच्या शेजारी बसलेल्या मॅडमनी यादीकडे पाहिलं, मग काकांकडे. "अहो, मग इतका वेळ बाहेर काय करत होता?"

लेकीने पढवलेलं एक वाक्य जागेवर असेल तर शपथ. "काही नाही," काका म्हणाले. "बेल वाजली, उठलो. नोकरीभर तेच केलंय."

साहेब हसले, पण ते हसणं वाईट नव्हतं. "खरं सांगू का? त्या पहिल्या मुलीला आम्ही टेबलासाठी हो म्हणून बसलो. तुम्ही आधी आत आला असता तर..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

"शिपायाची जागा आहे मात्र," मॅडम म्हणाल्या. "आज तुम्हाला बघून वाटलं, हाच माणूस हवा. सगळे कसे शांतपणे आत आले." त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं.

छाप पडली होती तर. काका ताठ बसले होते, नजरही चुकवली नव्हती. कारकुनाचा हेडक्लार्क व्हायला किती वर्षं घासली, ते सांगावंसं वाटलं. पण मग बायकोचे पायरीपायरीवर टेकणारे पाय आठवले.

"वेळ दिवसाचीच ना?" त्यांनी विचारलं.

"दिवसाचीच."

"कधीपासून येऊ?"

खाली उतरताना मधल्या मजल्यावर ती पहिली आत गेलेली मुलगी फोन हातात घेऊन बसली होती. "काका, मला घेतलं. तुम्ही पाणी दिलंत म्हणून, नाहीतर तोंडातून शब्द फुटला नसता. तुम्ही इथंच असता ना?"

"हो," काका म्हणाले. "सोमवारपासून."

संध्याकाळी बायको गणवेश घालून बुटाची नाडी बांधत होती. "काय म्हणाले? कळवू?"

"नाही. घेतलं."

नाडी हातातच राहिली. "टेबलावर?"

"दारात. शिपाई म्हणून."

तिने मान वर केली. "चालणार आहे तुम्हाला?"

"तुझी रात्रपाळी सुटेल."

"मी ते विचारलं नाही."

"जमेल," काका म्हणाले. "बसायला स्टूल आहे."

तिने नाडीची गाठ मारली. "आजची करावीच लागेल. उद्या अर्ज देते."

काकांनी तिची बॅग घेतली आणि पुढे उतरू लागले. अर्ध्या जिन्यात ती थांबली. "अहो, पाचवा मजला म्हणाला होतात ना? लिफ्ट आहे ना तिथं?"

"बंद आहे."

"लिफ्टवाल्यांची?"

"हो."

कठडा धरून ती हसायला लागली. गुडघ्यात कळ आली तरी हसू थांबेना. काका दोन पायऱ्या खाली, बॅग छातीशी धरून उभे राहिले, तिचं आटोपेपर्यंत.