बिस्मिल्लाला झैनब का बोलेना

रविवारी इथंच उमरग्यात एका बिस्मिल्लाखानीला गेले होते... आज बुधवार, तरी माझं डोकं शांत झालेलं नाही. म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात लेकरू चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला नटवून बसवतात. कुराण पाठ असलेले हाफिजसाहेब 'बिस्मिल्ला' (अल्लाहच्या नावानं) म्हणतात आणि लेकरानं कायद्यावर, म्हणजे अरबी अक्षरांच्या पहिल्या पुस्तकावर, बोट ठेवून त्यांच्या मागून म्हणायचं. तिथून त्याचं शिकणं सुरू. इतका गोड रिवाज आहे... मला फार आवडतो.

यावेळी मान होता झैनबचा. ती माझ्या बालवर्गात येते, तिथं लेकरं मला आपा म्हणतात. माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तेरा लेकरं असतात आणि आज काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं... कुणी डाळ-तांदूळ वेगळे करतं, कुणी माती कालवतं, कुणी पाण्यात खेळतं. दुआ, सलाम, नमाज हेही असतं, पण बळजबरी नाही. मी जानमाज, नमाजाची चटई, अंथरते, ज्याला यावंसं वाटेल तो येतो. आणि येतात हो!

यावरून मी दोन्हीकडून बोलणी खाते. इंग्लिश मीडियमवाल्या मैत्रिणी विचारतात, मदरसा काढलास का गं? आणि आमचे लोक म्हणतात, नुसतं खेळवतेस, दीन-धरम कधी शिकवणार? झैनबचे बडे अब्बा, तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, त्यात सगळ्यात पुढं. त्या घरात त्यांचाच शब्द चालतो. झैनबच्या आईला, नसरीनला, त्यांनी आधीच बजावलं होतं... पोरगी बिस्मिल्लाला नीट बोलली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून छडीवाल्या ट्यूशनला. नसरीन मला फोनवर हे सांगताना रडत होती.

तर रविवारी हॉल गच्च भरलेला. झैनबच्या अंगावर जरीचा शरारा, गळ्यात हार, डोक्यावर टोचणारा दुपट्टा. येईल तो तिला पेढा भरवतोय, हातात पेढा देतोय, फोटो काढतोय... लेकराला साधं पाणी कुणी विचारलं नाही.

हाफिजसाहेबांनी कायदा उघडला आणि बोट ठेवायला सांगितलं. झैनबनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि मुठी घट्ट आवळल्या. त्यांनी पुन्हा प्रेमानं सांगितलं. ही ओठसुद्धा हलवेना.

झालं! मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. बडे अब्बा ताडकन उठले. 'देखे? पानी में खेलना बराबर आता, अल्ला का नाम लेना नै आता!' हे माझ्याकडं बघून, सगळ्यांदेखत! आणि पोरीचा दंड धरून तिला गदागदा हलवलं... चार वर्षांचं लेकरू हो ते! पन्नास माणसं समोर मोबाईल धरून बसलीत आणि वर तिलाच म्हणतात, शरमायचं काय त्यात. नसरीन बिचारी मान खाली घालून उभी होती.

आता माझी लाज सांगते. मी रागानं पुढं गेले, पण तिला सोडवायला नाही. तिच्यासमोर बसले, तिची हनुवटी धरली आणि दबक्या आवाजात म्हणाले, 'झैनू, बोल ना गं... आपासाठी.'

आपासाठी! म्हणजे माझी इज्जत वाचावी म्हणून. आईबापांना उठता-बसता उपदेश करणारी मी... त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला? झैनबनं माझ्याकडं असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी हात खाली घेतला. जे सगळ्यात आधी विचारायचं ते तेव्हा विचारलं... काय झालं बाळा? तिनं मुठी पुढं आणून उघडल्या. बोटाबोटाला खवा माखलेला.

'आपा, हातां चिकट हैं... मैं वजू नै करी.'

वजू म्हणजे नमाजाआधी, कुराणाला हात लावायच्या आधी हात-तोंड-पाय धुणं. माझ्या बालवर्गात लेकरं कायदा घ्यायच्या आधीही आपणहून नळाशी जातात. मी कधी सांगितलेलं नाही, मला बघून शिकली ती. बडे अब्बा पुटपुटले, छोट्या लेकरांना माफ असतं. असतं हो, माहितेय मला! पण हलवायच्या आधी एकदा तिला विचारायला काय झालं होतं?

हाफिजसाहेबांनी कायदा हळूच मिटला. म्हणाले, 'जाऊ द्या तिला. मी बसतो.'

आणि नसरीननं मान वर केली. थोरल्या दिरासमोर कधी आवाज न काढलेली ही बाई त्यांच्या अगदी पुढून गेली, पोरीला कडेवर घेतलं आणि नळाशी नेलं. घाई केली नाही. झैनबनं तिच्या पद्धतीनं, एकेक हात तीन-तीनदा, कोपरापर्यंत धुतला. शरारा गुडघ्यापर्यंत भिजला, बिर्याणीवाला दोनदा डोकावून गेला... सगळा हॉल थांबला. मग ती आली, ओलं बोट ठेवलं आणि इतक्या हळू म्हणाली की मागच्यांना ऐकूच गेलं नाही. हाफिजसाहेबांना गेलं. बास झालं.

सोमवारी सकाळी नसरीन झैनबला घेऊन माझ्या दारात हजर. घरी काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, 'आपा, हिला मी दुसरीकडं कुठं न्हाय पाठवणार.' तिचे उपकार मानावेत तेवढे थोडे आहेत.

झैनबची मी माफी मागितली. पण राग काही जात नाही... त्या हॉलमध्ये अल्लाहच्या नावाची अदब राखणारी ती एकटी होती, आणि आम्ही सगळी मोठी माणसं तिलाच दीन शिकवत होतो.